शिट्टी कोणाकडे आहे?

एका पहाटे मी कुकर लावला आणि एक अख्खा कॅम्प टेकडीवर पळाला. माझा मूर्खपणा एवढ्या एका वाक्यात सांगून होतो, पण तिथेच थांबले तर त्या बाईवर अन्याय होईल. ती बाई म्हणजे मीच. तेव्हा साठीच्या अलीकडे होते, गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत होतं, आणि आपल्याला जगात कोणी फसवू शकत नाही असा माझा ठाम समज होता. आता सत्तरी ओलांडून तिच्याकडे बघते तेव्हा वाटतं, हिला दुसऱ्या कोणी फसवायची गरजच काय होती? हिचं हिलाच सगळं जमत होतं.

लेकीचं घर टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात, आठव्या मजल्यावर. लेक टोकियोत एका बँकेच्या आयटीत, जावई कावासाकीला एका संशोधन संस्थेत. दोघं सकाळी निघायची ती अंधार पडल्यावर उगवायची. मधल्या वेळात नात माझी. आमचे हे वारल्यानंतर पुण्याच्या रिकाम्या घरात मी काय करणार होते? "थोडे दिवस ये" म्हणून लेकीने बोलावलं आणि थोड्या दिवसांची वर्षं झाली.

मोठा भूकंप झाला त्या दुपारी नात तापाने घरीच होती. घरात आम्ही दोघीच. पाच वर्षांची पोर, पण बालवाडीत शिकवलेलं तिला पाठ होतं. उशी डोक्यावर धरून ती टेबलाखाली शिरली आणि मला हाका मारत राहिली. मी तिच्यावर पालथी पडले. इमारत बोटीसारखी डोलत होती. कपाटाची दारं उघडून भांडी खाली येत होती. थांबलं एकदाचं, तेव्हा बाहेर आले तर एका हातात नात आणि दुसऱ्या हातात प्रेशर कुकर. तो मी कधी उचलला ते आजही आठवत नाही. जिना उतरून खाली बागेत गेलो, तिथे सगळे शेजारी जमले होते. कोणाच्या पाठीवर आणीबाणीची पिशवी, कोणाच्या डोक्यावर हेल्मेट. माझ्या काखेत कुकर.

त्या दिवसापासून माझा कशावर म्हणून विश्वास उरला नाही. लिफ्टवर नाही, नळाच्या पाण्यावर नाही, अणुभट्टीच्या बातम्यांनंतर दुकानातल्या पालकावर तर नाहीच. फ्रिजवर मी स्टीलच्या दोन वाट्या एकावर एक ठेवून वरच्या वाटीत चमचा ठेवला होता. जमीन जरा हलली की चमचा वाजायचा. जावई त्याला "आईंची वेधशाळा" म्हणायचा. कोणी फ्रिजचं दार जोरात लावलं तरी वेधशाळा वाजायची आणि मी नातीला ओढून टेबलाखाली न्यायची. ती बिचारी गृहपाठाची वही घेऊनच यायची, तेवढ्या वेळात दोन ओळी लिहून व्हायच्या.

या सगळ्याचा दंड भरला तो नातीनेच. शाळेची सहल समुद्राकडे? नको. मैत्रिणीकडे राहायला? तिची इमारत जुनी आहे, नको. तिला सांभाळणारी मीच, त्यामुळे माझ्या "नको"वर अपील नव्हतं. अशी दोन-अडीच वर्षं गेली.

मग एका रविवारी जावयाने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

"आई, हे बघा."

फ्रान्समधलं कुठलंसं खेडं होतं. कालव्याच्या कडेने सपाट रस्ता, सूर्यफुलं, सायकलवर आईबाप, मागे जोडलेल्या छोट्या गाडीत मूल. दिवसभर सायकल चालवायची आणि संध्याकाळी तंबू ठोकायचा. त्याच्या ऑफिसातले एक जपानी सहकारी सहकुटुंब जाऊन आले होते.

"कुटुंबासाठी उत्तम जागा, असं लिहिलंय," जावई म्हणाला.

"मग काय, कुटुंबासाठी वाईट असं लिहितील?"

"मुलांसाठी उथळ तलाव आहे."

"उथळ आहे हे कोणी आत उतरून बघितलं?"

"संध्याकाळी सगळी कुटुंबं एकत्र बसतात. गाणी म्हणतात."

"ओळख ना पाळख, गाणी कशाला म्हणतात?"

लेक हसली. जावई हसला नाही. त्याने निमूटपणे दुसरी जागा दाखवली, मग तिसरी. एका ठिकाणी गाढवं होती, मुलांना खेळायला. मी म्हटलं, गाढव लाथ मारतं. एका ठिकाणी सकाळी तंबूपाशी ताजा पाव आणून देत. मी म्हटलं, म्हणजे पहाटे कोणीही तंबूपाशी येतं तर. चहा संपेपर्यंत मी अख्ख्या फ्रान्सला नापास केलं होतं.

त्या वसंतात नदीकाठी बापाच्या मागे लागून नात दोन चाकांची सायकल शिकली होती. बाजूची छोटी चाकं काढून टाकली त्या दिवशी तिने ती चाकं धुऊन पुसून मला भेट दिली होती. "आजी, तुला," म्हणाली, "तू पडशील ना."

ती हळूच बापाला जपानीत काहीतरी म्हणाली आणि खोलीत निघून गेली. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही, आई," जावई लॅपटॉप मिटत म्हणाला.

सांगितलं लेकीने. ती माझ्यासमोर येऊन बसली. "ती म्हणाली, आजी हो म्हणेल अशी जागा नकाशावर नाहीच. तेव्हा आता ऐक. फ्रान्स राहिलं. इथेच, दोन-तीन तासांवरची जागा बघू. पण जागा तू निवडायचीस. फोन तू करायचेस, शंका तू विचारायच्यास. तुझं समाधान झालं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघं जाऊ. नाही झालं तर ही सुट्टीही पोरीने टेबलाखाली काढायची, आणि ते तिला तू तुझ्या तोंडाने सांगायचंस."

मला वाटलं, मान दिला. सापळा लावलाय हे त्या हुशार बाईच्या लक्षात आलं नाही.

मला जपानी यायचं ते भाजी आणण्यापुरतं. त्यामुळे फोनवर दुभाषी नात. शाळेतून आली की आम्ही दोघी सोफ्यावर बसायचो, मध्ये स्पीकरवर फोन. मी मराठीत प्रश्न सोडायची, ती जपानीत विचारायची, पलीकडचा माणूस भरभरून बोलायचा, आणि ती मला सांगायची, "दाइजोबु." म्हणजे, सगळं ठीक आहे.

"इतकं बोलला तो आणि तू म्हणतेस एवढंच?"

"आजी, तो म्हणाला दाइजोबु, पण सावकाश म्हणाला."

पहिली जागा मी पत्रकावरच्या फोटोवरून बाद केली. त्यातलं हसरं कुटुंब दुसऱ्या एका कॅम्पच्या पत्रकावरही हसत होतं. दुसऱ्या जागेला नदी होती. तिसरीला डोंगर होता, म्हणजे दरड. चौथीचा माणूस फारच गोड बोलत होता.

"अस्वलं?" मी जावयाला विचारलं.

"आई, आपण बघतोय त्या बोसोच्या बाजूला अस्वलं नसतात."

"मग काय असतं?"

तो प्रामाणिक माणूस. "रानडुकरं," म्हणाला, आणि लेकीने कपाळावर हात मारला.

रोज संध्याकाळी नात गॅलरीत जाऊन सायकलची घंटा कपड्याने पुसायची. पाचव्या का सहाव्या फोननंतर ती गॅलरीत गेली नाही. मी बघितलं, पण न बघितल्यासारखं केलं.

"आजी, तुला आवडलेली एक तरी जागा सांग. कुठलीही."

"आपलं घर."

"तिथे तंबू नाही लावता येत," ती म्हणाली, आणि शेवटचा उरलेला नंबर तिने स्वतःच लावला.

पलीकडे एक म्हातारी होती. आवाज खरखरीत, जिभेवर साखर अजिबात नाही. मी माझे प्रश्न सुरू केले, समुद्र किती लांब, संडास किती लांब, तर तिने मध्येच तोडलं आणि उलट तीच विचारायला लागली. नात उत्तरं देत सुटली. बोलता बोलता तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.

"काय विचारते?"

"किती जण, वयं काय. आणि विचारते, शिट्टी कोणाकडे आहे?"

"शिट्टी? कसली?"

"माझ्या दप्तराला आहे ना, तसली. आपण कुठे अडकलो तर वाजवायची. मी सांगितलं, माझ्याकडे आहे."

मला त्या म्हातारीचा भयंकर संशय आला. गिऱ्हाईकाला कोणी असले प्रश्न विचारतं का? हिच्या कॅम्पवर माणसं अडकतात की काय? पण नातीने फोनवर तळहात ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. ती काही मागत नव्हती, हट्टही नव्हता. माझ्या "नको"ची वाट बघत होती, इतकंच. आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडावर इतका समजूतदारपणा बरा दिसत नाही.

"बरं, हो म्हण," मी म्हटलं. "जाऊन बघू तरी काय लपवते ती."

निघायच्या दिवशी लेकीने बजावलं, "आई, कुकर नाही न्यायचा. तिकडे खायला मिळतं." मिळतं, मला माहीत होतं; आणि त्या प्रत्येक गोष्टीत कुठून ना कुठून मासा येतो तेही माहीत होतं. मी लहान कुकर माझ्या रजईत गुंडाळला. वर मुगाची डाळ आणि तांदूळ.

सायकली सुट्या करून, पिशव्यांत बांधून गाडीत चढवाव्या लागतात तिथे. माझ्यासाठी पोहोचल्यावर स्टेशनाबाहेर भाड्याने घेतली एक मामाचारी, म्हणजे पुढे टोपली असलेली बायकांची सायकल. पुण्यात कॉलेजला जाताना मी सायकलवरून हात सोडून जात असे, हे मी सगळ्यांना अनेकदा सांगितलं होतं. त्या दिवशी मी दोन्ही हातांनी हँडल असं धरलं होतं की जावई म्हणाला, "आई, त्याला श्वास घेऊ द्या." पण भातशेतांमधून जाणारा तो रस्ता गुळगुळीत होता आणि पुढे नात घंटा वाजवत चालली होती. वाटेत कोणी नव्हतं, तरी वाजवत होती.

म्हातारी फाटकात उभी होती. माझ्याच वयाची निघाली, म्हणजे म्हातारी म्हणायचं कारण नव्हतं. फुलाफुलांचा एप्रन, कोपरापर्यंत बाह्या, गळ्यात शिट्टी. तिने पाणी विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. सायकली टेकवायला लावल्या आणि आम्हा चौघांना कॅम्पच्या मागच्या पायऱ्यांवरून थेट टेकडीवर नेलं. वर एक छोटं देऊळ होतं. माझे गुडघे कुरकुरत होते. वर पोहोचल्यावर तिने आम्हाला मोजलं, काहीतरी बोलली आणि पुन्हा खाली आणलं.

"देवदर्शन सक्तीचं आहे का इथे?" मी लेकीला विचारलं.

"आई, शिट्टी वाजली की सगळं टाकून इथे वर यायचं, असं सांगितलं तिने. समुद्र टेकडीपलीकडेच आहे, भूकंपानंतर लाट येऊ शकते."

"बघ! फोनवर समुद्राचं उत्तर दिलं नव्हतं तिने!"

शिट्टीचं मी ऐकलं, पण माझं लक्ष म्हातारीवर होतं. ती इतर तंबूंपाशी कमी थांबत होती, आमच्यापाशी जास्त. दोऱ्या ओढून बघायची, मग माझ्याकडे बघायची. मी मनात म्हटलं, परदेशी म्हणून पाळत ठेवते. संध्याकाळी हात धुऊन आले तर तंबूबाहेर काढलेले आमचे बूट कोणीतरी फिरवून ठेवले होते. टाचा तंबूकडे, चवडे बाहेर, ओळीने. आता आमच्याकडे कोणी पाहुण्याची पायताणं दाराकडे तोंड करून ठेवली तर त्याचा अर्थ काय होतो? निघा आता. मी चिडून सगळे बूट परत आतल्या बाजूला वळवले. थोड्या वेळाने बघितलं तर पुन्हा बाहेर. मी पुन्हा आत. झोपायला जाईपर्यंत आमचं हे युद्ध चाललं होतं, आणि शेवटचा हात माझा होता.

पहाटे सगळ्यांच्या आधी उठले. म्हटलं, लेक उठायच्या आत खिचडी करून कुकर परत रजईत. छोट्या गॅसच्या शेगडीवर कुकर चढवला आणि ओट्यासारख्या एका दगडावर बसले. धुकं होतं. पाखरंसुद्धा हळू आवाजात बोलत होती. आणि खरं सांगायचं तर इतक्या महिन्या-वर्षांत पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं. डाळ शिजल्याचा वास येत होता. मी डोळे मिटले.

मग कुकरने शिट्टी दिली.

पुण्यात या आवाजाकडे कोणी मान वळवून बघत नाही. तिथे एका तंबूतून लगेच दुसऱ्या शिट्टीने उत्तर दिलं. कुठल्यातरी मुलाने शाळेत शिकवल्याप्रमाणे वाजवली होती. मग तिसऱ्या तंबूतून. मग म्हातारीच्या घरातून एक लांब, कानात घुसणारी. सगळ्या तंबूंच्या चेनी एकदम उघडल्या. ओरडाआरडा नाही, रडारड नाही. बाप खांद्यावर पोरं टाकून, बाया म्हाताऱ्यांचे हात धरून, सगळे पायऱ्यांकडे निघाले. माझ्या डोळ्यांसमोरून सगळा कॅम्प टेकडीवर चढला, आणि त्या बाईला काय वाटलं सांगू? तिला वाटलं, भूकंप झाला आणि आपल्याला कळला नाही! ती उठली, आणि पळायचं सोडून कुकरचा गॅस बारीक करायला वाकली.

म्हातारी धुक्यातून धावत आली ती पायऱ्यांकडे गेलीच नाही. माझ्याकडे आली. हेल्मेट घातलेलं, पायात दोन वेगळे बूट. तिने माझं मनगट धरून ओढलं. मी दुसऱ्या हातात डाव घेऊन तिला दाखवत होते, थांबा, थांबा, खिचडी लागेल. तेवढ्यात कुकरने दुसरी शिट्टी दिली.

तिने कुकरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कुकरकडे.

"सुमिमासेन," मी म्हटलं. माफी मागायला मला तेवढाच एक शब्द येत होता, तो मी कमरेत वाकवाकून अनेकदा म्हटला.

तिने वर हात हलवून सगळ्यांना खुणावलं, काही नाही म्हणून. मी धापा टाकत पायऱ्या चढले. वर नात उभी होती, देवळाच्या खांबाला धरून. एकटी नव्हती, आईबाप होते बाजूला, पण त्यांच्याही आधी पोहोचली होती ती. तोंडात शिट्टी तशीच, पायांत बूट उलटसुलट, एक तर अर्धाच घातलेला. ते आत वळवून ठेवलेले बूट अंधारात शोधताना काय झालं असेल ते मला न सांगता दिसलं. मला बघितल्यावर तिने शिट्टी तोंडातून काढली आणि मोठ्याने रडायला लागली.

"सगळे आले! तूच नाही आलीस! मी मोजत होते, तूच नाही आलीस!"

मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने मला ढकललं.

"त्या आजींनी फोनवर विचारलं होतं, तुमच्यात पळता न येणारं कोण आहे. मी सांगितलं, आमची आजी. म्हणून त्या तुला न्यायला खाली आल्या. सगळ्यांना सोडून तुला! आणि तू त्यांना डाव दाखवलास!"

म्हणजे दोऱ्या ओढून बघणं, बूट फिरवणं, माझ्याकडे रोखून बघणं, हे सगळं त्याचसाठी होतं. पाळत होतीच. संशय अगदी बरोबर होता माझा, फक्त नको त्या माणसावर ठेवला होता.

जावई खाली बघत म्हणाला, "आई, फ्रान्समध्ये हे केलं असतंत तर अग्निशमन दलच आलं असतं," आणि मग त्याला हसू आवरेना. मग लेकीला. आजूबाजूची जपानी मंडळी कशाला हसायचं ते न कळताही हळूच हसायला लागली.

खाली खिचडी थोडी लागली होती. मी वाट्या भरून तंबूतंबूला दिली. नाकारायची पद्धत नाही तिथे, सगळ्यांनी घेतली. म्हातारीने मात्र आधी वास घेतला, मग चमच्याने ढवळून तळाशी काय आहे ते बघितलं. काहीतरी विचारलं. "ती विचारते, यात मासा का नाही?" नात म्हणाली. इतक्या संशयाने माझी खिचडी कोणी खाल्ली नव्हती. मला ती बाई तेव्हाच आवडली.

आम्ही ठरलेले सगळे दिवस राहिलो. मी कुकर पुन्हा लावला नाही. संध्याकाळी बूट बाहेरच्या बाजूला मीच फिरवायची, म्हातारी येऊन बघायची आणि मान हलवायची. नात दिवसभर शेतांमधून सायकल पळवायची, कधीकधी इतकी लांब की घंटा ऐकू येईनाशी व्हायची. तेवढा वेळ मी दगडावर बसून राहायची. उठून मागे जायची नाही. ते सोपं होतं असं मी म्हणणार नाही.

निघताना म्हातारी फाटकापर्यंत आली. टोपलीत ठेवलेल्या कुकरवर तिने टिचकी मारली आणि नातीशी बराच वेळ काहीतरी बोलली. नात ऐकत होती, हं हं करत होती, एकदा खुदकन हसली. मग सायकलवर टांग टाकून मला म्हणाली, "दाइजोबु."

"चल, खोटारडे. इतकं बोलली ती. शब्दन् शब्द सांग."

नातीने एक पाय जमिनीवर टेकवला आणि सांगितलं:

"त्या म्हणाल्या, तू मला फोनवर चुकीचं सांगितलंस. तुझ्या आजीला पळता येतं, पायऱ्या कशा चढली ते बघितलं मी. पुढच्या वर्षी आलात की तिला एवढंच सांग, भांडं तिथेच टाकून ये."